अक्कांच्या कुंडीतली तीन पानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्यांना तर मी न विचारताच सगळं सांगत असते. आज तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका.

मी तशी सुखात आहे. सोलापुरातलं छोटं घर, मागच्या खोलीची उत्तरेकडची खिडकी, आणि त्या खिडकीत बटरवर्टचे ट्रे. मांसाहारी झाड आहे ते. घाबरू नका, चिलटांपलीकडे त्याची मजल जात नाही. मऊ पोपटी पानं, त्यांवर बारीक चिकट थेंब. चिलट बसलं की बसलंच. आम्ही त्याला चिलटखाऊच म्हणतो. एक पान बुडापासून अलगद काढायचं आणि ओल्या वाळूवर ठेवून द्यायचं. काही आठवड्यांनी त्याच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढं रोप दिसतं. ते दिसलं की मी अजूनही घरभर सांगत सुटते.

पहिलं पान कुठलं, असं कुणी विचारलं तर मी नर्सरीचं नाव सांगते. ते खोटं आहे. ते शेजारच्या शैलाक्कांकडून आलं. म्हणजे — आलं नाही, मी आणलं.

अक्कांच्या भाच्यानं ते झाड बंगळुरूहून आणलं होतं. मी पान मागितलं तर म्हणाल्या, ‘थंडी पडू दे गं, मग तुलाच देते की.’ बरोबरच होतं. थंडीत याची पानं लहान, जाड होतात आणि बोट लावलं तरी सुटून येतात. पण तेव्हा होता मे महिना. अख्ख्या कॉलनीत झाडांची जाणकार मी, आणि माझ्याकडे नाही ते झाड शेजारच्या गॅलरीत! मला राहवेना. शिवाय चोरून आणलेलं रोप छान लागतं, असं आपल्याकडे म्हणतातच ना? सोयीचं तेवढं मला बरोबर आठवतं.

अक्का माझ्यासाठी शेंगाचटणी बांधून द्यायला आत गेल्या. मी एक पान धरून ओढलं. उन्हाळ्यात ती घट्ट असतात — एकाच्या जागी तीन हातात आली आणि मधला गाभा मुळापासून हलला. तो मी मातीत दाबला, पानं चष्म्याच्या डबीत टाकली आणि चटणी घेऊन घरी आले. आठवड्याभरात अक्कांचं झाड काळं पडून सडलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर — भुरटी चोरी, दुसरं काय? पण अक्कांनी मला बोलावलं. जाणकार ना मी. त्यांची नवी सून गौरी तिथंच उभी होती. अक्कलकोटकडची पोर, झाडांची भारी हौस. चिलटखाऊला पाणी तीच घालायची, एसीतून ठिबकलेलं, बादलीत साठवलेलं. आमच्या बोअरच्या क्षारांनी ते मरतं.

‘कशानं मेलं गं हे?’ अक्कांनी विचारलं.

चोराच्या मनात चांदणं. मी — सांगतेच आता — मी म्हणाले, ‘बोअरचं पाणी लागलेलं दिसतंय.’

‘न्हाय ओ काकू, मी एसीचंच घालत होते. तुमी सांगा की ह्यांना.’ गौरी माझ्याकडे बघत होती. मी कुंडीकडे बघत राहिले.

‘हिच्या हाताला झाडच लागत न्हाय,’ अक्का म्हणाल्या. रागानं नाही, सहज. बाई वाईट नाहीत त्या. पण सुनेला चिकटलेलं असलं वाक्य कधी सुटतं का? तुळस वाळली — गौरी. कढीपत्ता करपला — गौरी. पाहुण्यांनाही हसत हसत तेच सांगायचं. हळूहळू तिनं झारी हातात घेणं सोडलं. मी हे सगळं माझ्या गॅलरीतून बघत होते.

थंडीपर्यंत माझ्या तीन पानांची रोपं चांगली वाढली. एक अक्कांना दिलं. त्यांनी माझं कोण कौतुक केलं! एक गौरीसाठी नेलं. तिनं हात ओढणीत गुंडाळून घेतले. ‘नको काकू. मरंल माझ्या हातानं.’ मी ते परत आणलं. छान वाढलंय.

ती अजून येते. जांभळी फुलं आली की आधी तिच्याच नजरेला पडतात. मी चहा ठेवते, आम्ही खिडकीशी बसतो, आणि ती आलेली मला मनापासून आवडते. मला रात्री झोपही नीट लागते, हेही लपवत नाही.

परवा फुलं बघता बघता ती म्हणाली, ‘काकू, तवा माझ्याकडनंच चुकून बोअरचं पाणी पडलं आसंल की.’

मी म्हणाले, ‘असेल.’