लाल तेलाची नळी

माझ्या मोठ्या भावाचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्याआधी वीस-बावीस वर्षं तो सुरतेत गाडीच चालवत होता. आधी कापडाच्या पार्सलांचा टेम्पो, मग एका मिलच्या शेठची कार. साखरेच्या आजारात अंगठ्याला झालेली जखम वर चढत गेली. दवाखान्यातून तो बमरोलीच्या खोलीवर परत आला त्या दिवशी वहिनीने दारामागचा त्याचा डावा बूट उचलून कुठेतरी ठेवून दिला. कुठे ठेवला, हे दादाने कधी विचारलं नाही.

शेठ माणूस बरा होता. त्याच्या बंगल्यात एक जुनी गाडी वापराविना पडून होती. क्लच नसलेली, गिअर आपोआप पडणारी. ती चालवायला एकच पाय पुरतो. शेठने ती दादाला देऊन टाकली. नकली पाऊल लावून, काठी मागच्या सीटवर टाकून दादा पहिल्यांदा तिच्यात बसला तेव्हा मी शेजारी होतो. घरात आम्ही अहिराणीही बोलायचो. तो म्हणाला, "हिले एकच पाय लागस ना? तो शे मनाजवळ." म्हणजे, तो आहे माझ्याजवळ.

त्यानंतर तो पुन्हा माणसांत आला. वहिनीला बाजारात न्यायचा, मला रविवारी कोसाडला मावशीकडे न्यायचा. कुणी "सांभाळून उतरा" म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. गाडीत बसला की मात्र त्याला कुणी तसं म्हणत नसे.

वर्षभराने गाडीखाली लाल तेलाचे डाग पडायला लागले. सकाळी गाडी हलवली की जमिनीवर ओल दिसायची. उलटा गिअर टाकला की गाडी थोडं थांबून मग हलायची. उधन्याच्या गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाई, आ गाडी हवे काढी नाखो." म्हणजे, विकून मोकळे व्हा. दादाने गाडी सुरू केली आणि घरी आणली.

मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये फिटर. वाफेच्या आणि गरम तेलाच्या लाइनी सांभाळणं हेच माझं काम. पुढची चाकं लोखंडी उतारांवर चढवून मी गाडीखाली शिरलो आणि दोन मिनिटांत गळती सापडली. गिअरबॉक्समधलं तापलेलं तेल दोन बारीक नळ्यांतून रेडिएटरकडे जातं आणि थंड होऊन परत येतं. त्यातल्या एका नळीत, लोखंड आणि रबर जिथे एकमेकांत दाबून बसवलेले असतात, तिथून तेल पाझरत होतं.

"होईल का?" दादाने वरून विचारलं.

"हे काय, अर्ध्या दिवसाचं काम," मी म्हणालो.

त्याला घाई होती. त्याच्या लेकीचं बाळंतपण आमच्याकडे झालं होतं. नात तीन महिन्यांची झाली होती आणि दुसऱ्या दिवशी लेकीला नवापूरला सासरी पोचवायचं ठरलं होतं. जावई न्यायला येतो म्हणत होता. दादाने त्याला फोनवर सांगितलं होतं, "तुम्ही येऊ नका. लेकीला मी आणून सोडणार. गाडी आहे माझी."

योग्य नळी बाजारातून यायला दोन दिवस लागले असते. मी जुना सांधा हॅकसॉने कापला. मिलच्या स्टोअरमधून आणलेला रबरी पाइपाचा तुकडा लोखंडी नळीवर चढवला आणि दोन क्लॅम्प आवळले. तो पाइप कॉम्प्रेसरच्या हवेचा होता. गरम तेलाला तसलं रबर लावायचं नाही, हे मी मिलमध्ये नव्या माणसांना महिन्यातून एकदा तरी सांगत होतो. आणखी एक गोष्ट होती. अशा नळीच्या टोकाला उंच कड ठेवलेली असते, रबर मागे सरकू नये म्हणून. ती कड मी कापलेल्या तुकड्याबरोबर गेली होती. हे मला दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी क्लॅम्प आणखी आवळला, तेल भरलं, बमरोलीत दोन फेऱ्या मारल्या. खाली पुठ्ठा टाकून ठेवला. सकाळी तो कोरडा होता.

निघताना दादाने पांढरा सदरा घातला होता. मी त्याच्या शेजारी, मागे वहिनी, लेक आणि तिच्या मांडीवर बाळ. पलसाणा गेलं, बारडोली गेली. व्यारा सुटल्यावर त्याने लेकीला आरशात पाहत विचारलं, "पोरगी झोपली का?" ती म्हणाली, "केव्हाच." सोनगडच्या पुढे चढ लागला आणि अचानक इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं. गाडी मात्र पुढे सरकेना.

"दादा, थांबव."

त्याने ऐकलं नाही. पाय आणखी दाबला. पुन्हा दाबला. मागून निळा धूर आला, जळक्या तेलाचा वास आत शिरला आणि बाळ रडत उठलं. मग गाडी मागे घरंगळायला लागली तेव्हा त्याने ब्रेक लावला.

मी बॉनेट उघडलं. सगळीकडे लाल तेल उडालं होतं. रबर फुगून मऊ झालं होतं आणि अख्खा पाइप लोखंडी नळीवरून निसटून लोंबत होता. माझे दोन्ही क्लॅम्प पाइपावर जागच्या जागी होते.

"काय झालं रे?" दादाने सीटवरूनच विचारलं. त्याला उतरायला वेळ लागायचा.

मी बॉनेटआडून म्हणालो, "नळी फुटली. पुढचा भाग जुनाच होता."

लेकीने सासरी फोन केला. तासाभरात जावई आणि त्याचे वडील जीप घेऊन आले. रस्त्याच्या कडेला खडी होती, दादाचं नकली पाऊल तिच्यावर ठरेना. जावयाने त्याला काखेत धरून जीपपर्यंत नेलं. व्याही मनापासून म्हणाले, "अहो, आधी सांगितलं असतं तर आम्हीच आलो असतो. तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?"

दादा म्हणाला, "गाडी जुनी झालीय. माझंच लक्ष कमी पडलं."

मी तिथेच उभा होतो. नळीचं काम मी केलंय, एवढं वाक्य बोलायला काही लागलं नसतं. मी वहिनीच्या हातातली पिशवी घेऊन जीपमध्ये ठेवली.

नवापूरला जेवताना दादा नेहमीपेक्षा जास्त बोलला. ताटातला भात मात्र तसाच होता.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून सुरतेला आणली. पुढच्या रविवारी मी ती पुन्हा उतारांवर चढवली. या वेळी नवी लोखंडी नळी जुनीच्या मापाने वाकवली, दोन्ही टोकांना हत्याराने कड काढली, गरम तेलाचा खास पाइप आणला. घासू नये म्हणून नळी दोन ठिकाणी पट्टीने बांधली. दादा शेजारी खुर्चीवर बसून मागेन तो पाना देत होता. मधेच पाना येईना. मी खालून मान वळवून पाहिलं. गोणपाटावर टाकलेला जुना पाइप त्याच्या हातात होता. तो त्यावरून बोट फिरवत होता. मग त्याने तो डोळ्याला लावून उजेडाकडे धरला.

"ही फुटेल नही," तो म्हणाला.

म्हणजे, फुटलेली नाही.

"निसटली," मी म्हणालो.

"तुले तव्हयच माहीत व्हतं?"

"हो. तेव्हाच."

त्याने पाइप गोणपाटावर ठेवला आणि मी मागितलेला पाना दिला. आणखी काही बोलला असता तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

संध्याकाळपर्यंत काम संपलं. नळीतून एक थेंबही आला नाही, नंतरही कधी आला नाही. पण गिअरबॉक्सचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. गिअर टाकल्यावर गाडी विचार करत उभी राहायची, मग झटक्याने निघायची आणि थोडा चढ आला की इंजिन नुसतं ओरडायचं. त्याच गॅरेजवाल्याने तेलाचा वास घेतला आणि सांगितलं, आतल्या प्लेटा जळाल्यात, इतक्या जुन्या गाडीच्या आता मिळणार नाहीत.

काही आठवडे दादा ती गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. वस्तीबाहेरच्या पुलावर ती चढत नव्हती, म्हणून पुलापलीकडचं सगळं बंद झालं. एक दिवस मी मिलमध्ये असताना त्याने भंगारवाल्याला बोलावलं. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तेव्हा जागा रिकामी होती आणि वहिनी तिथे पाणी टाकून तेलाचे डाग घासत होती.

दादा त्यानंतर दोन वर्षं होता. माझ्याशी तो सगळं बोलायचा. पगाराचं, गावाकडच्या लग्नांचं, नातीचे दात आले त्याचं. लेकीकडे मात्र तो पुन्हा गेला नाही, तीच येत राहिली. नवापूरच्या दिवसाचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. माफी मागायची मी दोनदा ठरवली होती. एकदा पाहुणे आले. दुसऱ्यांदा कुणी आलं नव्हतं, तरी मी मागितली नाही.

त्याच काळात एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो तर मोरीत एक अनोळखी माणूस उकिडवा बसून नळ बदलत होता. त्या घरातला प्रत्येक नळ आजवर मीच बसवला होता. वहिनी माझ्याकडे न पाहता चहा ठेवायला आत गेली.

"मला सांगायचं ना, दादा," मी म्हणालो.

"तुले सुट्टी एकच रहास," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. आठवड्यात एकच सुट्टी मिळणाऱ्या भावाची काळजी घ्यावी, तसाच तो बोलला.

मी चहा घेतला आणि त्या माणसाचं काम पाहत बसलो. त्याने आट्यांवर दोरा नीट गुंडाळला, नळ हाताने फिरवून बसवला, मग पान्याने अर्धा फेरा दिला. पाणी सोडून पाहिलं. काम चांगलं होतं.