भाद्रपदातला कोरा टीपकागद

एकरुखच्या तलावातली आंबळी म्हणजे बोटाएवढी रुपेरी मासळी. तिचं पोट अंगठ्यानं दाबलं की फुलाबाईला महिना सांगता यायचा. गिरणीच्या चाळींजवळच्या छोट्या मंडईत सासूच्या जागेवर बसून ती मासळी विकायची, आणि तिची विकायची तऱ्हाच वेगळी. कार्तिकात गिऱ्हाइकाला बजावायची, "तेल घालू नगा बाई. कोरड्या तव्यावर टाका, आपल्याच तेलात भाजतीया." भाद्रपद आला की तीच सांगायची, "आता अंडी टाकून रिकामी झालीया. पळीभर तेल सोडा, न्हायतर तव्याला चिकटंल." वर मूठभर मासळी जास्त घालायची. आपल्याच मालाचं उणं असं तोंडानं सांगणारी दुसरी बाई त्या मंडईत नव्हती.

आणि तेल चोळल्याचा आळ आला तो नेमका हिच्यावर! साल बत्तीस, कार्तिक महिना. मंडईचे तपासनीस यज्ञेश्वरपंत माणूस सरळ, पण मासळी शिजताना त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. टोपलीतली एक आंबळी त्यांनी शिपायाकडून, निंगप्पाकडून, टीपकागदावर दाबून घेतली. कागद वाळला तरी रुपयाएवढा तेलाचा डाग राहिला.

"पाण्यातल्या जिवाला तेल कुठलं?" पंत कडाडले. "करडईचं तेल चोळून वजन वाढवतेस होय?"

"साहेब, आत्ताच्या आत्ता तव्यावर टाकून बघा की!"

तव्याचं नाव काढताच पंतांनी उपरणं नाकाला लावलं. रीतसर अर्ज कर म्हणाले, आणि निकाल लागेपर्यंत तिची जागा बंद झाली.

फुलाबाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि गल्ल्या तुडवायला लागली. पायांचं दुखणं तिनं मनावर घेतलं नाही. पण वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं मासळी नाकाशी नेऊन "तेल न्हाय ना चोळलं?" असं विचारायची, तेव्हा तिच्या काळजाला घरं पडायची. तारखा पुढं जात राहिल्या. अखेर निरोप आला तो भाद्रपदात: सकाळची धरलेली आंबळी घेऊन ये, तेल अंगचं असेल तर कागदावर उमटेल, उमटलं तर जागा तुझी.

भाद्रपदात तर मासळी रिकामी! बाकी कुठल्याही महिन्यात तिला एवढी धास्ती वाटली नसती. शेजारी भाजी विकणारी शिवम्मा म्हणाली, "अगं, नखाएवढं करडईचं तेल लाव की. कार्तिकात असतंयच की तिला तेल! मग खोटं कुटं हाय त्यात?"

शिवम्माचं म्हणणं बिनतोड होतं. तपासणीच्या सकाळी घरातली तेलाची बुधली हाताच्या अंतरावर होती. फुलाबाईनं बुधलीकडे पाहिलं, टोपली उचलली आणि बाहेर पडली.

पंतांपुढं तिनं आधीच सांगून टाकलं, "आज काय उमटायचं न्हाय, साहेब. आज तिच्या अंगात तेलच न्हाय."

निंगप्पानं मासळी दाबली. कागद वाळला. ठिपकासुद्धा नव्हता.

"म्हणजे कबूल झालीस!"

"न्हाय. आज रिकामी हाय, कार्तिकात तेलानं भरतीया. त्या वक्ताला निंगप्पाला तळ्यावर धाडा. जाळ्यातनं त्याच्याच हातानं घेऊ द्या, मी शिवायची बी न्हाय."

गुन्हेगार असं बोलत नाही, एवढं पंतांना कळलं. त्यांनी कागदावर 'कोरा' असं लिहून तारीख आणि सही टाकली. आणखी दोन महिने ती बाई उन्हापावसात गल्ल्या हिंडली.

कार्तिकात निंगप्पा तलावावर गेला. जाळ्यातली आंबळी त्यानं स्वतः वेचली आणि फडक्यात बांधून आणली. फुलाबाई चार हात लांब उभी होती. कागद वाळला, आणि डाग एवढा पसरला की खालच्या रजिस्टरातली अक्षरं आरपार दिसू लागली. पंत खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी. जागा तुमचीच आहे, आजपासून बसा."

फुलाबाई जागची हलली नाही. "साहेब, तेवढा भाद्रपदातला कागद द्या मला."

"तो कशाला? हा घ्या की. त्याच्यावर तर काहीच नाही."

"ह्यो मासळीचा हाय," ती म्हणाली. "त्यो माजा. त्या सकाळी घरात तेल हुतं, आन् बघाया कुनी नव्हतं."

यज्ञेश्वरपंतांनी दप्तर उघडलं, तो कोरा कागद शोधून काढला आणि उभं राहून दोन्ही हातांनी तिला दिला.