मिसळणाच्या डब्यातले गळ

टोरांटोकडच्या आमच्या किचनर शहरातल्या मराठी मंडळात कुणी नवीन आलं की बाकीचे विचारायचे, "मूळचे कुठले तुम्ही?" गळनाना विचारायचे, "गाडी कोणती?" उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न, "मागची सीट आडवी होते ना? रॉड मावला पाहिजे." समोरचा बिचारा हातात पोह्यांची प्लेट घेऊन गोंधळायचा. म्हातारा गाडी विकत घ्यायला निघालाय की काय, असं त्याला वाटायचं. नानांना गाडी नको होती, गाडी चालवणारा हवा होता. डोळ्यांच्या टेस्टमध्ये त्यांचं लायसन्स गेलं होतं, मासे धरायचं तळं शहराबाहेर होतं, आणि तिकडे बस जात नव्हती.

"मी गळ माशासाठी टाकतच नाही हो वहिनी," ते मला सरळ सांगायचे. "ड्रायव्हरसाठी टाकतो. मासा काय, अधूनमधून लागतो."

नाना जुन्या तुकडीतले, धातुशास्त्राचे इंजिनियर. ऐन तारुण्यात इकडे आले आणि एका फाउंड्रीत आयुष्यभर राबले. तिथल्याच सहकाऱ्यांनी त्यांना बास मासा दाखवला. हिरवट, मोठ्या जबड्याचा आणि भांडखोर. पकडलेला प्रत्येक मासा नाना पाण्यात परत सोडायचे. मी मुळात रत्नागिरीची. चांगला हातभर लांब मासा परत सोडायचा म्हणजे काय! "अहो, निदान मला तरी द्या," मी म्हणायची. त्यावर ते म्हणायचे, "निर्मलाच्या स्वयंपाकघरात ती असताना कधी मासा आला नाही. आता ती नाही म्हणून आणू होय?"

गेलेल्या बायकोचं, निर्मलाताईंचं स्वयंपाकघर त्यांनी असं सांभाळलं, पण त्यातला मिसळणाचा डबा मात्र सरळ उचलला. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या. मोहरीच्या वाटीत बारीक गळ, जिऱ्याच्या वाटीत मोठे गळ, मेथीच्या वाटीत शिशाचे मणी, हळदीच्या वाटीत रबरी गांडुळं. कितीही घासली तरी त्या वाटीची हळद सुटली नव्हती, त्यामुळे गांडुळं पोटाशी पिवळी व्हायची. नाना म्हणायचे, "माशांना आवडतं. जरा जेवणासारखं वाटत असेल." डोळे अधू झाल्यावर याच डब्याने त्यांना तारलं. झाकण काढलं की बोटं आपोआप बरोबर वाटीवर जायची.

नवशिक्याला ते दुकानात घेऊन जायचे तेव्हा त्यांचा तोरा बघावा. भिंतभर आमिषं टांगलेली असायची. चमकती, डोळेवाली, पिसंवाली, एखादी तर चक्क बेडकासारखी. पोरगं त्याच्याकडे हात न्यायचं आणि नाना काठीने हात अडवायचे. "ती तुझ्यासाठी टांगलीत. माशासाठीची खाली असतात, कोपऱ्यात, पिशवीत." मग गवताच्या रंगाची रबरी गांडुळं, साधे गळ आणि सेलमधला रॉड-रीळचा जोड. दोरा कापायला डॉलर स्टोअरमधलं नखं कापायचं नेलकटर. झाली खरेदी. गांडुळाच्या बरोब्बर मधोमध गळ ओवायचा, दोन्ही टोकं लोंबती ठेवायची आणि पाण्यात टाकायचं. "ते आपलं आपण वळवळतं. तू फक्त गप्प बस. तेवढं जमेल ना?"

स्वस्तावर त्यांचा भर कंजुषीपोटी नव्हता. ते म्हणायचे, "मासा असतो बुडालेल्या झाडाखाली, वेलींच्या गुंत्यात. महागडं आमिष माणूस तिथे टाकतच नाही. अडकेल, तुटेल, जाईल, या भीतीने स्वच्छ मोकळ्या पाण्यात टाकतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. जे गेलं तर काही वाटणार नाही, तेच खोल टाकता येतं." हे वाक्य मी तेव्हा आमिषांबद्दलचं समजले होते.

एका उन्हाळ्यात आदित्य नावाचा मुलगा त्यांच्या हाती लागला. सॉफ्टवेअरवाला, गोड बोलणारा, मोठी एसयूव्ही. नाना त्याला तळ्यावर घेऊन गेले, म्हणजे तो नानांना घेऊन गेला. आणि पहिल्याच दिवशी पोराला केवढा तरी बास लागला! संध्याकाळी नानांनी माझं दार वाजवलं. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. "लागला!" ते म्हणाले. मी विचारलं, "मासा?" "मासा सोडला हो. आदित्य लागला!" त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे दोनदा चहा घेतला.

पुढच्या शनिवारी सकाळी नाना लॉबीत येऊन बसले. शेजारी घडीची खुर्ची, भिंतीला टेकवलेला रॉड, मांडीवर डबा. आदित्य आला नाही. फोन केला तर म्हणाला, "सॉरी नाना, धिस वीकेंड इज क्रेझी. नेक्स्ट वीकेंड पक्का!" पुढच्या शनिवारी घरात ड्रायवॉलच्या भिंतींचं काम चाललं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी बायकोचे आईवडील आले होते. नाना मात्र दर शनिवारी त्याच खुर्चीवर. लॉबीचं काचेचं दार आपोआप उघडतं. ते उघडलं की नाना मान वर करायचे, आणि आत आलेला माणूस आदित्य नाही हे कळायला त्यांना बराच वेळ लागायचा, कारण चेहरे दिसत नव्हते.

आणि मी काय करत होते म्हणाल, तर हसत होते. तेव्हा मी सत्तरीही न गाठलेली अल्लड पोर. ग्रोसरीच्या पिशव्या सावरत त्यांच्यासमोरून जायची आणि विचारायची, "काय नाना, एस्टी लेट आहे का?" स्वतःच्या विनोदावर मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत खूश असायची. बेसमेंटमध्ये माझी स्वतःची गाडी उभी होती. हे गेल्यापासून मी ती फक्त ग्रोसरी आणि देवळापुरती काढायची. जुलै उजाडला तरी तिला विंटर टायर्सच होते. बदलायचे असतात हे ठाऊक होतं, पण ते काम 'यांचं' होतं ना!

शेवटी एके शनिवारी नानांनीच विचारलं, "वहिनी, तुमची ती गाडी चालते का, की नुसती पार्किंगचं भाडं देता?"

"मी हायवेवर जात नाही, नाना."

"हायवे नाहीच वाटेत. शेतांतून जायचंय. उजवीकडे वळा म्हटलं की वळायचं."

"तुम्हाला दिसत नाही, तुम्ही मला उजवीकडे सांगणार?"

"वास येतो. डुकरांचा फार्म आला की उजवीकडे."

आणि खरंच तसंच होतं.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा कुर्ता आणि मोत्यांची कुडी घालून गेले होते. नानांचं न ऐकता मी दुकानातून एक गुलाबी, चकचकीत आमिष आणलं होतं, डोळ्यांत खडे असलेलं. मोठ्या ऐटीत हात मागे नेला आणि फेकलं, तर ते मागच्या मेपलमध्ये जाऊन बसलं. दोरा तोडावा लागला. नानांनी आवाजावरून ओळखलं. "छान," ते म्हणाले. "झाड लग्नाला नटलं. आता हळदीच्या वाटीतलं घ्या."

त्यानंतर दोन उन्हाळे आम्ही गेलो. गाठ मी मारायची, टाकायचे ते. त्यांच्या डोळ्यांपुढे बरोब्बर मधोमध काळा डाग होता, फक्त कडेकडेचं दिसायचं. "तुमचा चेहरा नाही दिसत वहिनी, कान दिसतात. कुडी नवीन का?" मासा लागला की त्यांच्या हाताच्या शिरा ताठ व्हायच्या आणि ते निर्मलाताईंना हाक मारायचे. मला नाही. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. तळ्याकाठी माणूस कुणाला हाक मारतो, ते विचारायचं नसतं.

मग ते घरात पडले. फ्रेंच मुलखातल्या ब्रॉसार्डहून मुलगी आली आणि तिने आपल्या घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये जागा मिळवली. तिचं काही चुकलं नाही, दुसरं करणार तरी काय होती ती? निघताना नानांनी डबा माझ्या हातात दिला. "तिथे टोकदार काही ठेवू देत नाहीत. तुम्ही जात राहा हां."

फोन यायचे. "इथे सगळं फ्रेंचमध्ये. बोंझूर म्हणतो आणि गप्प बसतो." एकदा म्हणाले, "खाली हॉलमध्ये काचेची टाकी आहे, वहिनी. मासे आहेत म्हणतात. मी खुर्ची लावून बसतो समोर. दिसत काहीच नाही, मोटरचा आवाज येतो नुसता." ते मे महिन्यात गेले. बासचा सीझन उघडतो जूनच्या अखेरीस.

मी जात राहिले. एकटीला तळं फार मोठं वाटतं. मासा लागायचा, मी सोडायची, आणि तो किती मोठा होता हे सांगायला शेजारची खुर्ची रिकामी. तरी मी वर्षानुवर्षं गेले. बाकीच्या आठवड्यात माझ्याकडे होतं तरी काय?

गेल्या हिवाळ्यात बाथरूमच्या टाइल्सची रेघ मला मधेच वाकलेली दिसायला लागली. मला वाटलं, बिल्डिंग खचली. डॉक्टरीण तरुण होती, फार मायेने बोलत होती. बोलताना मला तिचे कान स्पष्ट दिसत होते. नानांना झालं होतं तेच, मी समजले. गाडी आता नातीकडे आहे, टोरांटोत. "आज्जी, यू कॅन जस्ट उबर," ती म्हणते. तळ्यावर सोडणारा उबर मिळतो. तिथून परत आणणारा मिळत नाही, तिथे फोनच लागत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक नवी मुलगी भेटली. सगळ्याजणी तिला माहेर विचारत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी कोणती गं?" ती हसली. "विकतोय काकू. आम्ही डाउनटाउनला कॉन्डोत मूव्ह होतोय." तिच्यानंतर आणखी काहीजणांना विचारलं. एकाला गांडुळं, गळ आणि रॉडसकट सगळं फुकट देऊ केलं. "वॉव आज्जी, सो कूल! नक्की जाऊ या," तो म्हणाला. मी त्याला सीझन उघडायचा शनिवार सांगून ठेवला.

आज तो शनिवार. सकाळपासून मी लॉबीत बसले आहे. डब्याच्या वाट्या मी काल भरल्या. मोहरीत बारीक गळ, हळदीत गांडुळं. सगळं स्वस्तातलं, गेलं तर काही वाटणार नाही असं. मघाशी तिसऱ्या मजल्यावरची पोर ग्रोसरी घेऊन गेली आणि म्हणाली, "आँटी, वेटिंग फॉर द बस?" तिला हसू आलं, मलाही आलं.

काचेचं दार पुन्हा उघडलंय. कुणीतरी आत आलंय, चेहरा दिसत नाही. मी मांडीवरचा डबा जरा वर धरते, त्याला दिसावा म्हणून.