मोटारीची झूल

तापलेल्या लोखंडावर पाणी पडल्याचा वास आला की मला पेडगावचं आमचं अंगण आठवतं. सत्तरच्या दशकात काकांनी एक जुनी मोटार घेतली होती, आणि त्या पोळ्याला काकूनं बैलांसोबत मोटारीलाही आरशांची झूल शिवून थेट तिच्या तोंडावर बांधली. दुसऱ्या दिवशी त्याच थाटात काकूला माहेरी, झरीला, जायचं होतं. पण मोटार वेशीपर्यंत जाऊन भसाभसा वाफा सोडायला लागली, म्हणून ढकलत घरी आणली. काकांनी रेडिएटरमध्ये पाणी भरलं, पंख्याचा पट्टा चाचपला, नळ्या दाबून पाहिल्या. कुठंच काही सापडेना. "लय तापायलीय. एसटीनंच जाऊ," ते म्हणाले, तशी काकू तोंड फिरवून ओट्यावर जाऊन बसली. शेवटचं बघू म्हणून काकांनी इंजिन चालू केलं आणि पुढं येऊन उभे राहिले, तर झूल आत ओढली जाऊन जाळीला गच्च चिकटलेली! "आगं, नाकच बांधलंस की तिचं! वारं कुठून घ्यावं तिनं?" काकू ओट्यावरूनच म्हणाली, "मग पाठीवर टाका. झुलीबिगर मी न्हाई यायची." झूल टपावर आवळून आम्ही निघालो. झरीत काकूच्या आईनं भाकरतुकडा आधी मोटारीवरून ओवाळला, मग लेकीवरून. आता माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा जरा चढला की मी मेकॅनिकला फोन करण्याआधी उतरून पुढच्या जाळीवरून हात फिरवतो. तिथं काहीच नसतं, आणि दर वेळी मला थोडं वाईटच वाटतं.