शमिकाची एकोणीस घरं

शमिका नागवेकरच्या नाकावर राग आहे, असं तिची सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. साफ खोटं. नाकावर राग असलेली बाई चार वर्षं लोकांच्या मागल्या पडवीत पाटावर बसून त्यांच्या टाचा घासत नाही. शमिकाचा खरा राग सुरू झाला तो यंदाच्या एप्रिलात, आणि तो का सुरू झाला हे ऐकलं तर सासूलाही मुकाट्याने बसावं लागेल.

रत्नागिरी शहरातल्या एका पार्लरमध्ये शमिका सहा वर्षं कामाला होती. नवरा विनीत जहाजावर, नऊ महिने पाण्यात आणि तीन महिने घरी. मुलगी शाळेत जायला लागली तसं शमिकाने पार्लर सोडलं आणि स्वतःचं काम काढलं. दुकान थाटायची ऐपत नव्हती. होती ती स्कूटी आणि पाठीवरची बॅग. भाट्याचा पूल ओलांडायचा, पावसच्या रस्त्याला लागायचं, वाड्यांमध्ये शिरायचं आणि बायकांच्या घरी जाऊन काम करायचं, असं तिने ठरवलं.

पहिले चार महिने कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "आमाला नको गो बाय तसलं काय," असं म्हणून बायका आत जायच्या आणि खिडकीतून बघत राहायच्या. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सत्तरीच्या येसूबाईचं. तिला काही सुंदर व्हायचं नव्हतं. जन्मभर कातळावर अनवाणी चालून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांतून रक्त यायचं. शमिकाने तिचे पाय कोमट पाण्यात बुडवले आणि दीड तास बसून साफ केले. दुसऱ्या दिवशी येसूबाई ते पाय सगळ्या वाडीला दाखवत सुटली, आणि ते मालनने पाहिले.

मालन म्हणजे वाडीतली बोलती बाई. बचत गट तिचा, हळदीकुंकू तिच्या ओटीवर, कुणाची सून कशी आणि कुणाचा पोरगा कुठे हे तिला विचारून ठरायचं. "शमिकाचा हात हलका हाय हां," असं मालन एकदा म्हणाली आणि शमिकाचं भाग्य फळफळलं. चौथ्या वर्षापर्यंत एकोणीस घरं झाली. शमिका गिऱ्हाइकं मोजायची नाही, घरं मोजायची. एक घर म्हणजे सासू, दोन सुना, सुट्टीत आलेली नणंद आणि पुढेमागे एखादी नवरी. मागल्या पडवीतून ती माजघरात आली, माजघरातून ओटीवर आली. लोक चहा विचारायला लागले.

एका बाबतीत मात्र सगळ्या तिला हसायच्या. मार्चपासून जूनपर्यंत कुणाच्याही चेहऱ्याला हात लावण्याआधी ती विचारायची, "आठ दिवसांत आंब्याला हात लावलास काय गो?" आंब्याचा देठ मोडला की चीक उडतो, आणि तो जिथे पडेल तिथली कातडी भाजल्यासारखी उतते. कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. अशा चेहऱ्यावर ब्लीच लावणं म्हणजे जखमेवर निखारा ठेवणं. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं, शमिका स्वतःच्या अनुभवाने शिकली होती. आमच्याकडे लग्नंही नेमकी त्याच दिवसांत, त्यामुळे हा प्रश्न ती दिवसातून दहादा विचारायची.

एप्रिलच्या शेवटी मालनने तिला आपल्या मुलीसाठी बोलावलं. मनस्वीचं लग्न डोंबिवलीच्या स्थळाशी ठरलं होतं, तीन आठवड्यांवर आलं होतं. शमिकाने मनस्वीला खुर्चीवर बसवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मनस्वीने तोंड उघडलं, पण उत्तर मालनने दिलं.

"नाय गो! ती खय बागेत जात्येय? ऑफिसात काम करते ती, कंप्युटरवर."

मनस्वीच्या हनुवटीखाली चिकाने पडतो तसा एक काळसर ठिपका होता. शमिकाने तो पाहिला. तिने पाहिला होता, हे नंतर तिने स्वतःपासून कधी लपवलं नाही. पण समोर मालन उभी होती, जिच्या एका वाक्यावर एकोणीस घरं मिळाली होती. तिला खोटं कसं पाडायचं? शमिकाने कानामागे थोडं ब्लीच लावून बघितलं, तिथे काही झालं नाही, आणि मग तिने चेहऱ्याला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मनस्वीचा चेहरा सुजला होता आणि गालांवर, हनुवटीवर काळे चट्टे उठले होते.

पुढचे आठ दिवस शमिकाचा फोन वाजत राहिला. "तेवढं शुक्रवारचं राहू दे हां, आमच्याकडे पाव्हणे येतायत." "सुनेला बरं नाय." "बघू गो पावसाळ्यानंतर." एकीनेही खरं कारण सांगितलं नाही. ते तिला मालनच्या शेजारणीकडून कळलं. शमिका हलकी क्रीमं आणते, तारीख उलटलेली, पोरीच्या तोंडाचं वाटोळं केलं, असं मालन बचत गटाच्या बैठकीत म्हणाली होती. चार वर्षांत जमवलेली एकोणीस घरं त्या बैठकीत एका चहाच्या कपाबरोबर संपली.

राहिली एकटी येसूबाई. शमिका तिच्या टाचा घासत असताना म्हातारी म्हणाली, "ती मालनची पोर रोज सकाळी काशीरामच्या आंब्याच्या शेडात जात्ये. देठ काढायला. दोन सीझन झाले. मी बघत्ये ना हितून."

शमिकाने हातातला दगड खाली ठेवला.

मनस्वीचं ऑफिस खरं होतं, पण ते दोन दिवाळ्यांपूर्वीच सुटलं होतं. डोंबिवलीच्या लोकांना मालनने सांगितलं होतं की मुलगी नोकरीवाली आहे, उन्हात जात नाही, बागेचं काम तिला माहीत नाही. पेट्या भरणारी, देठ काढणारी पोर म्हटलं तर स्थळ हातचं जाईल, ही मालनची भीती. म्हणून शमिकाला नाही म्हणून सांगितलं, आणि शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी "आंब्याचा चीक लागला होता का" म्हणून विचारलं, तेव्हा तिथे हो म्हटलं, पण वाडीत ते सांगितलं नाही. पोरीबद्दलचं खोटं झाकायला शमिकाचं नाव उघड्यावर टाकलं.

शमिकाने घरी येऊन सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "गप बस. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय." विनीतचा कुठल्याशा बंदरातून फोन आला. तोही म्हणाला, सोडून दे, लग्न होऊन जाऊ दे. शहरातल्या पार्लरमधली जुनी मैत्रीण मृणाली, तीही तेच म्हणाली. आणि माझ्या जन्माचं काय? शमिका ओरडली. मी चार वर्षं लोकांच्या पडव्या झिजवल्या तो काय माझा टाइमपास होता? नवरीचा तेवढा जन्म आणि माझी काय सुट्टी? सगळ्यांना फक्त ती गप्प हवी होती.

लग्नाच्या चार दिवस आधी, भर दुपारी, मालन शमिकाच्या मागल्या दाराशी येऊन उभी राहिली. मनस्वीच्या खपल्या गेल्या होत्या, पण काळे डाग राहिले होते. शहरातल्या दोघी-तिघी पार्लरवाल्यांनी कामाला नकार दिला होता. दुसरीने बिघडवलेल्या चेहऱ्याला हात लावायला कोण धजावणार?

"तूच कर गो शमिका. कातडी तुलाच कळत्ये तिची. फक्त हळदीला पहाटे ये, मागल्या दाराने. डाग झाकून जा. डोंबिवलीच्या बायका उष्टी हळद घेऊन नवाला येतील, त्याआधी."

मागल्या दाराने! शमिकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चार वर्षांपूर्वी तिला मागच्या दाराने घेत होते, ते ती नवखी होती म्हणून. आता पुन्हा तेच, आणि तेही मालनने केलेल्या पापासाठी.

"मी नवालाच येईन, काकी. पुढल्या दाराने. आणि माझ्या रीतीने काम करीन. पटत असेल तर सांग."

मालनला घाई होती. रीत म्हणजे काय हे तिने विचारलं नाही, शमिकाने सांगितलं नाही.

हळदीच्या सकाळी ओटीवर सगळी वाडी जमली होती. जिथे जिथे शमिकाचा शुक्रवार रद्द झाला होता त्या सगळ्या घरांतल्या बायका. शमिका बॅग घेऊन पुढच्या पायऱ्या चढली तशा त्यांनी माना फिरवल्या. नवऱ्याच्या अंगाला लावून उरलेली हळद वाटीत घेऊन डोंबिवलीच्या पाचजणी आधीच बसल्या होत्या. त्यांच्यात नवऱ्याची आत्या, कमळा. मनस्वी डोक्यावरून ओढणी घेऊन मधोमध बसली होती. चेहऱ्याला ऊन लागलं, असं पाहुण्यांना सांगून ठेवलेलं.

शमिका तिच्यासमोर बसली. हात धुतले, पुसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "मनस्वी, आंब्याला हात लावला होतास काय गो?"

"नाय!" मालन मागून म्हणाली. "कितीदा सांगायचं? नाय!"

शमिकाने बॅगेची चेन ओढली आणि उठली. "मग मला येत नाही हे काम. मला माहीत नसलेल्या चेहऱ्याला मी हात लावत नाही. एकदा लावला, तो तुझ्या शब्दावर. ती माझी चूक. दुसऱ्यांदा नाही."

ती पायरीपर्यंत पोचली असेल, तोच मनस्वीने ओढणी मागे सारली.

"लावला होता! रोज लावत होते. काशीराम आप्पांच्या शेडमध्ये देठ काढते मी. शमिकाताईने विचारलं होतं, आई खोटं बोलली. डॉक्टरांनीसुद्धा चीकच सांगितला."

मालनचा चेहरा वाटीतल्या हळदीसारखा पिवळा पडला. सगळ्या कमळाआत्याकडे बघायला लागल्या. आत्याने वाटी खाली ठेवली, मनस्वीचा हात ओढून घेतला आणि बोटं उलटीसुलटी करून पाहिली.

"मी मंडणगडची," ती म्हणाली. "लग्नाआधी सात वर्षं काजू सोलले. त्याच्या चिकाने जळलेली माझी बोटं बघ. ह्यात लपवायचं काय होतं?"

दोघी-तिघी हसल्या, सुटल्यासारख्या. मालनही हसली. सगळ्यांचं गोड झालं, आणि शमिकाला तेव्हा जो राग आला तसा आधी कधीच आला नव्हता. म्हणजे ज्या खोट्यापायी तिची घरं गेली, त्या खोट्याची गरजच नव्हती! फुकट. अगदी फुकट तिला बुडवलं होतं, आणि आता त्याच बायका हसत होत्या.

पण पोर खरं बोलली होती. शमिका परत येऊन बसली. चेहऱ्याला हळद लावू नका, फक्त हातापायांना लावा, असं तिने आत्याला बजावलं. मग तिने हलक्या हाताने, न घासता, एकेक डाग झाकला. पाऊण तास लागला. मनस्वीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते ती टिपत होती आणि "रडू नकोस, सगळं वाहून जाईल," असं दम देऊन सांगत होती.

काम संपेपर्यंत तिघी जवळ येऊन गेल्या. एकीला शनिवारी आयब्रो करायच्या होत्या. दुसरीची सून आता बरी होती. चुकलं गो आमचं, एवढे तीन शब्द कुणाच्या तोंडातून निघाले नाहीत. शमिकाने सगळ्यांना "बघते" म्हटलं.

ती बॅग उचलून निघाली तेव्हा मालन पायऱ्यांपर्यंत आली. तिने शमिकाचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "राग धरू नको गो. मी सांगीन सगळ्यांना. माझ्या शब्दावर परत येतील तुझी घरं."

शमिकाने दंडावरचा तिचा हात काढला.

"सांगू नकोस, काकी," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर येणारं एकही घर मला नको."