पायऱ्या उतरलेलं टेबल

बोईसरच्या कारखान्यातून पहिली पाळी सुटली की बाबा मित्रांसोबत स्टेशनजवळच्या हॉटेलात, खिडकीजवळच्या टेबलावर चहा प्यायचे. अर्धांगवायूनंतर हॉटेलच्या तीन पायऱ्या त्यांना चढवेनात. मी त्यांना रिक्षाने न्यायचो आणि मालक चहा रिक्षातच पाठवायचे. एकदा बाबा भडकले, "मला पार्सल नको, टेबल पाहिजे!"

मालकांनी ते गल्ल्यावरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, तर खिडकीजवळचं ते टेबल पायऱ्या उतरून खाली आलं होतं आणि बाबांचे मित्र भोवती बसून वाट बघत होते. बाबा होते तोवर ते टेबल रोज खाली यायचं.

आता तिथे मोठं एसी हॉटेल झालंय. परवा गेलो, तर पायऱ्यांशेजारी व्हीलचेअरसाठी छान उतार केलेला, आणि त्यावर फुलझाडांच्या कुंड्या मांडलेल्या. मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, "कोणी वापरतच नाही ना, साहेब."

माझं डोकं फिरलं. एकेक कुंडी ओढून बाजूला केली, उतारावरून आत गेलो आणि खिडकीशी बसून म्हटलं, "हा बघा, वापरला. आता चहा आणा. टेबलावर."