चप्पल पायात ठेवा

"तोंड उघड," सर म्हणाले.

मी बाकावरून उठून उभी होते. सरांनी फळ्यावर फेनिटोइन लिहिलं होतं. फिट येऊ नये म्हणून द्यायचं जुनं, स्वस्त औषध. खाली दुष्परिणाम लिहीत चालले होते. झोप येणे. तोल जाणे. अंगावर केस वाढणे. हिरड्या वाढणे. तिथं आल्यावर मागं वळले आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. माझ्या शेजारी बसलेली शीतल, माझ्याच खोलीत राहणारी, काहीतरी पुटपुटली होती आणि मी हसले होते. एरवी मी ओठ मिटून हसते. त्या दिवशी विसरले.

"मोठं उघड. लाजतेस काय? नर्स व्हायचंय ना?"

मी उघडलं. सरांनी मार्करचं टोपण माझ्या वरच्या ओठाखाली घातलं आणि ओठ वर उचलला. बाजारात मेंढरू घ्यायच्या आधी गिऱ्हाईक असंच तोंड उघडून बघतं. मेंढरू निदान मान हिसडतं. मी तीही हिसडली नाही.

"हे बघा. पुस्तकातलं चित्र बघायची गरज नाही. मागच्यांनी पुढं या."

आले. रांग करून आले. शीतलही आली. तिनं मान खाली घातली होती, पण आली.

"तुला फिट येतात ना?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग काय मेंढरांचं औषध खातेस?"

वर्ग हसला. माझ्या लाळेनं ओलं झालेलं टोपण सरांनी माझ्याच ओढणीला पुसलं आणि पुढचं औषध शिकवायला घेतलं. मी खाली बसले. पुढचं औषध कुठलं होतं ते मला आजही आठवत नाही.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरची मेंढरं. पाऊस संपला की आमचा सगळा बिऱ्हाडाचा पसारा घोड्यावर लादून आबा, म्हणजे माझे वडील, पैठणच्या बाजूला उतरतात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर चारा उगवतो. माझं लहानपण असं रानोमाळ गेलं. आणि लहानपणापासून मला फिट येतात.

पहिली फिट मला आठवत नाही. फिट कुणालाच स्वतःची आठवत नाही. आईनं सांगितलं तेवढंच माहीत. एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती. मेंढरं रानात बसली की लेंड्यांचं खत होतं, त्याच्या बदल्यात मालक धान्य देतो. मालक सकाळी रान बघायला आला आणि मी त्याच्यासमोर पडले. आई ओरडायला लागली, जोडा द्या, कुणीतरी जोडा द्या. चामड्याचा वास दिला की माणूस शुद्धीवर येतो असं आमच्याकडं सगळेच मानतात. आबा अनवाणी होते. मालकाच्या पायात बूट होते. त्यानं बूट काढला नाही. नुसता पाय पुढं केला. आईनं माझं डोकं उचलून त्या बुटावर टेकवलं.

आई हे उपकार म्हणून सांगायची. "लई भला माणूस. पाय मागं घेतला नाय त्यानं."

मला पण तो भला वाटायचा. कितीतरी वर्षं वाटायचा.

पुढं शाळेतल्या एका बाईंनी आबांना रागावून मला सरकारी दवाखान्यात न्यायला लावलं. तिथं हीच फेनिटोइनची गोळी मिळाली. गोळी सुरू झाली आणि फिट थांबल्या. आश्रमशाळा झाली, बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला. इथं शहरात मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनाजवळ शीतल आणि मी खोली केली. गोळीचं तिलाही सांगितलं नव्हतं. डब्यात मेथीदाण्यांखाली पाकीट ठेवायची आणि ती आंघोळीला गेली की घ्यायची.

आणि खरं सांगते, सगळ्या विषयांत मला फार्माकॉलॉजीच आवडायचं. गावात मला काय काय म्हणायचे. अंगात येतं. बाहेरचं लागलंय. आईनं केलेलं पाप फिटतंय. इथं पुस्तकात सरळ लिहिलं होतं की मेंदूतल्या पेशी एकाच वेळी भडकतात, आणि ही गोळी त्यांच्या दारावर बसून त्यांना पुन्हा पुन्हा भडकू देत नाही. बस. यात आईचं पाप कुठंच नव्हतं. मी ते पान वाचून बाथरूममध्ये जाऊन रडले होते. ज्या विषयानं मला धुऊन स्वच्छ केलं, त्याच विषयाच्या तासाला सरांनी माझा ओठ उचलून दाखवला. म्हणून ते जास्त लागलं. बागायतदार अडाणी होता असं तरी म्हणता येतं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात नाव पडलं. हिरडी. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली तरी कुणीतरी वाकून बघायचं. मी आरशात बघायचं सोडलं. आणि गोळी सोडली.

होय, सोडली. पाकीट स्टेशनाच्या भिंतीपलीकडं फेकून दिलं. फिटचं औषध एकदम बंद केलं तर फिट उलटून येतात, हे मला माहीत होतं. चाचणीत लिहिलं होतं, सरांनी पूर्ण गुण दिले होते. पण हिरड्या परत खाली जाव्यात, मी बाकीच्या मुलींसारखं हसावं, यापुढं मला काही दिसत नव्हतं. लाज माणसाचं शिकलेलं सगळं खाऊन टाकते, हे मी स्वतःवरून सांगते.

थोडेच दिवस गेले असतील. सरांच्याच तासाला मी पडले.

जाग आली तेव्हा पंखा दिसला. जिभेवर रक्त. सलवार ओली. नाकात ओळखीचा वास. आजूबाजूला सगळे उभे होते. शीतलनं तिची ओढणी माझ्या कमरेवर टाकली. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही.

काय झालं ते माझा व्हिडिओ चार लोकांच्या मोबाइलवर फिरल्यावर मला कळलं. शीतल दाखवत नव्हती, मी तिच्या हातातून मोबाइल घेतला. त्यात मी जमिनीवर हात-पाय झाडतेय. तोंडाला फेस. बाकावर पुस्तक उघडं. सरांचा आवाज येतो, "चप्पल द्या रे कुणीतरी." एक मुलगा स्वतःची काढायला लागतो. सर म्हणतात, "तुझी नको. हिचीच द्या हिला. लेंड्यांचा वास ओळखीचा असेल." हसण्याचा आवाज. मग एक हात माझी चप्पल माझ्या नाकावर दाबून धरतो. त्या हातात सरांचं घड्याळ आहे.

पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलंय, फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा. अख्ख्या वर्गात मला कुणी वळवलं नाही. मी उताणी पडलेय आणि फेस घशात जातोय.

ते बघून मला जगावंसं वाटेना. मुकुंदवाडीच्या प्लॅटफॉर्मवर मी जाऊन बसले होते. गाडी आली, गेली. शीतल शोधत आली आणि शेजारी बसली. माफी मागितली नाही, समजूत काढली नाही. माझं मनगट धरून ठेवलं तिनं, दुखेपर्यंत.

सर आमचे वर्गशिक्षकही. त्यांनी आबांना बोलावून घेतलं. आबा मेंढरं आईवर सोडून पैठणहून एसटीनं आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायात टायरच्या चपला. सरांच्या केबिनच्या दाराशी आले आणि सवयीनं चपला काढायला वाकले.

मी आत बघितलं. सर बूट घालून बसले होते. शिपाईसुद्धा बूट घालून उभा होता.

"आबा, चपला घाला," मी म्हणाले.

"राहू दे गं."

"घाला. नायतर मी आत येत नाय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग घातल्या. फरशीवर टायरचा आवाज करत आम्ही दोघं आत गेलो.

सर म्हणाले, "मुलीला घरी घेऊन जा. लग्नाचं बघा. उद्या पेशंटच्या अंगावर पडली तर कोण निस्तरणार?"

"व्हय सायब," आबा म्हणाले. त्यांनी हात जोडले होते.

"आजार लपवून ॲडमिशन घेतली तुम्ही."

"चुकलं सायब. घिऊन जातो."

एवढ्यात सगळं संपत होतं. आबा माझ्यासाठी भांडणार नव्हते. त्यांना कुणी भांडायला शिकवलंच नव्हतं.

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"वडील बोलताहेत ना?" सर म्हणाले.

"आजार माझा आहे सर. गोळी बंद केली म्हणून फिट आली. चालू असताना इथं एकदाही आली नव्हती. गोळी का बंद केली ते तुम्हाला माहीत आहे."

मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"फेनिटोइन तुम्ही शिकवता सर. मग माझ्या नाकाला चप्पल का लावली?"

सर खुर्चीत मागं टेकले. अगदी सहज म्हणाले, "अगं, तुमच्याकडं तेच करतात ना?"

"करतात," मी म्हणाले. "आमच्याकडं फार्माकॉलॉजी कुणी शिकवत नाही."

नाव काढून घेतो असं लिहून द्यायला सरांनी आबांपुढं कोरा कागद सरकवला होता. आबांना सही येते. मी तो कागद उचलून सरांच्या बाजूला परत ठेवला आणि आबांचा हात धरून बाहेर आले.

बाहेर आबांनी शाबासकी दिली नाही. त्यांचा चेहरा पडला होता. "लई बोललीस," ते म्हणाले. "आता ते तुला पास व्हऊ देतील व्हय?" एसटीत बसताना त्यांनी घोंगडीतून ज्वारीच्या दोन भाकरी काढून दिल्या आणि खिडकीतून दुसरीकडं बघत राहिले.

आबांची भीती खोटी नाही. सरांनी अंतर्गत गुण काठावर ठेवलेत. तोंडी परीक्षा त्यांच्याच हातात आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, हळूहळू दुसरी देऊ म्हणाले, तोपर्यंत फिट येऊ शकते असंही सांगितलं. तो व्हिडिओ अजून फिरतोय. रोज सकाळी कॉलेजच्या फाटकापासून मागं फिरावंसं वाटतं. तरी जाते.

पाकीट आता मेथीदाण्यांखाली नसतं. पहिला तास सरांचा. हजेरी झाली की मी पाकीट बाकावर ठेवते, गोळी काढते, सगळ्यांदेखत पाण्याबरोबर घेते. सर बोलायचे थांबतात. मी सावकाश पिते.

काल मी तास सुरू व्हायच्या आधी पुढं जाऊन उभी राहिले. सर दारात आले होते. मी म्हणाले, मला पुन्हा फिट येईल. इथंच येईल बहुतेक. तेव्हा मला काही कळणार नाही, म्हणून शुद्धीत असताना सांगून ठेवते. मला कुशीवर वळवा. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. तोंडात काही घालू नका. मोबाइल खिशात ठेवा आणि चप्पल पायात ठेवा. ज्याच्या हातात ती दिसेल, त्याला मी शुद्धीवर आल्यावर याच वर्गात विचारणार आहे, का लावली. तो कुणीही असो. उत्तर मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही.